निगरगट्ट फुला

कर्ण्यावरून मास्तरांनी ज्योतीराम दाजींचं नाव पुकारलं, दाजी मिशीवरून हात फिरवत पुढे आले, आणि त्यांच्या हातात टॉवेल-टोपी पडली. सनईवाल्याचा सूर मधेच घशात गेला.

आमच्या माणदेशात लग्नाच्या अक्षता पडायच्या आधी मानपान होतो. दोन्हीकडच्या मानाच्या माणसांची नावं कर्ण्यावरून पुकारतात. पहिल्या मानाच्या माणसाला सगळ्यांदेखत फेटा बांधतात. त्याच्या खालच्याला टॉवेल-टोपी. एखादा माणूस जेवायला विसरला तर चालतं, लग्नाला यायचा विसरला तरी चालतं, पण त्याचं नाव खालच्या यादीत गेलं तर तीन पिढ्या चालत नाही. आणि दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे मालक. माझ्या शालनचं हे स्थळ त्यांनीच आणलेलं, नवरा मुलगा त्यांच्या सख्ख्या भावाचा. फेट्यात त्यांचं नाव तिसरं हवं होतं.

दाजींनी टोपी कोटाच्या खिशात कोंबली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि सरळ चिंचेखाली उभ्या असलेल्या भाड्याच्या जीपमध्ये जाऊन बसले. दार लावून घेतलं. तेव्हा साडेतीन वाजले होते आणि मुहूर्त होता पाच वाजून पाच मिनिटांचा.

या गोष्टीला चौतीस वर्षं झाली. पण त्या जीपच्या दाराचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

आता दाजी गेले असते तर एकटे गेले नसते. ते घरातले थोरले. थोरला उठला की धाकटा भाऊ उठणार, म्हणजे नवऱ्याचा बाप. बाप उठला की नवरा कुणासाठी बसेल? माझी पोरगी आतल्या खोलीत हळद लावून, मुंडावळ्या बांधून बसलेली. हळद लागलेली पोर तशीच राहिली तर पुढे तिचं काय होतं, ते मी माझ्या माहेरच्या गावात डोळ्यांनी बघितलं होतं.

म्हणून मग समजूत काढायला एकेक माणूस चिंचेखाली जाऊ लागलं. आधी आमचे मालक गेले. स्वतःच्या डोक्याचा फेटा काढून त्यांनी दाजींच्या पायावर ठेवला. दाजी दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत राहिले. मग सरपंच गेले. ते नेहमी भाषणच करतात, तिथंही केलं, आणि घाम पुसत परत आले. नवऱ्याचा बाप गेला. मग आमच्या वन्सं, दाजींच्या बायको, नवीन लुगड्याचा पदर सावरत गेल्या आणि नाक ओढत परत आल्या. सगळे किती जपून बोलत होते. अर्धी जखम तर त्यांच्या जपण्यानंच चिघळली असेल. जितकी माणसं जास्त, तितके दाजी ताठ.

शेवटी मास्तर गेले. आमच्या शाळेचे हे घाटगे मास्तर म्हणजे देवमाणूस, कधी पोरांवरसुद्धा आवाज चढवला नाही. ते हात जोडून उभे राहिले. दाजींनी त्यांना एकच विचारलं.

"मास्तर, यादी कुणी केली?"

मास्तर म्हणाले, "माझ्याकडनं चूक झाली."

दाजींनी काच वर केली. झालं. मग गावातल्या माणसांनी मास्तरांना धरलं. मास्तराला अक्कल नाही, मास्तराला माणसं कळत नाहीत, पोरांना काय शिकवत असेल हा. मास्तर मंडपाच्या खांबाला टेकून खाली मान घालून ऐकत होते. बायका माझ्याभोवती जमल्या आणि म्हणायला लागल्या, की आक्का, तुम्ही जावा. तुम्ही पोरीची आई. पाया पडा, शब्द टाका, तुमचं मोडायचे नाहीत.

मी म्हणाले, "चूक मास्तरांची आणि पाया मी पडू?"

असं म्हणून मी आचाऱ्याच्या कनातीपाशी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. तिथून चिंच दिसायची. शालनच्या खोलीची खिडकीही दिसायची. खिडकीत मुंडावळ्या हलत होत्या.

साडेचार वाजत आले तशी दाजींनी ड्रायव्हरला हाक मारली. ड्रायव्हर चहाची बशी तशीच टाकून पळाला, आणि जीप सुरू झाली. जुनी गाडी, सुरू झाली की अंगात आल्यासारखी हलायची.

आणि नेमकी त्याच वेळी माझी धाकटी जाऊ, फुला, आमटीची भरलेली बादली घेऊन कनातीतून बाहेर आली.

फुलाबद्दल सांगायला हवं. निगरगट्ट फुला म्हणून ती अख्ख्या गावाला ठाऊक, आणि ते नाव ठेवलं मी. लग्न होऊन आली त्या वर्षी मी तिला सगळ्या बायकांदेखत बोलले होते, की तुझी भाकरी म्हणजे म्हशीच्या पाठीवर टाकायचं पोतं आहे. दुसरी कुणी असती तर चुलीपुढे बसून डोळ्याला पदर लावला असता. हिनं भाकरी उचलून दोन्ही बाजूंनी बघितली, "व्हय की, जाडच झालीया," म्हणाली, आणि दोन वाट्या कालवणाबरोबर तीच खाल्ली. पुढे सासरे अंथरुणाला खिळले. माणसं भेटायला यायची आणि आज तुम्ही ताजेतवाने दिसता म्हणायची. ही त्यांच्या उशाशी बसून म्हणाली, मामंजी, तुमचं हे घोंगडं तुमच्या माघारी मला द्याल का, लई उबदार हाय. मी दारात होते, मला वाटलं जमीन फाटावी. सासरे दोन महिन्यांनी पहिल्यांदा हसले आणि घोंगडं तिलाच दिलं, ते सोडा. पण बोलायची ही रीत झाली का? निगरगट्ट नाही तर काय म्हणायचं असल्या बाईला? आमच्याकडे हा शब्द बाईला लागला की शेणासारखा लागतो, धुतला तरी वास राहतो. पंधरा वर्षं मी तो तिला लावत होते आणि पंधरा वर्षं ती त्या हाकेला ओ देत होती.

तर ही फुला बादली घेऊन निघाली पंगतीकडे. पंगतीत तिचे मालक, म्हणजे माझे दीर, वाढायला होते. त्यांची कंबर धरली होती, ते एका गोणीवर आडवे झालेले. फुलानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. सगळे पुरुष कुठे तरी घोळक्यानं कुजबुजत उभे. एक पुरुष तेवढा रिकामा बसलेला दिसला. ती सरळ जीपपाशी गेली आणि तिनं दार उघडलं.

बघता बघता बादली दाजींच्या दोन पायांमध्ये ठेवली, वगराळं त्यांच्या हातात दिलं, आणि म्हणाली, "दाजी, एवढी आमटी फिरवा. तिसरी पंगत कोरड्या भातावर बसलीया आणि आमच्या ह्यांची कंबर धरलीया."

दाजींनी तोंड उघडलं. त्यातून काही बाहेर यायच्या आत ती पुढे म्हणाली, "आणि खांद्यावरचा टॉवेल डोईला गुंडाळा. घाम पडंल आमटीत."

आणि ती निघूनही गेली, भाताचं बघायला.

मानाच्या पाहुण्याच्या हातात कुणी वाढायचं वगराळं देतं का? वाढायचं काम घरच्यानं करायचं, पाहुण्यानं पाटावर बसायचं. आणि टॉवेलचा काटा ज्याच्या काळजात रुतलाय, त्यालाच सांगायचं की तो टॉवेल डोक्याला बांध. माझ्या शेजारी उभी असलेली कुंभाराची म्हातारी म्हणाली, "केवढी निगरगट्ट बाई ही. मोडलं लगीन." मी कनातीचा दोर धरला.

जीप हलत होती. बादली काठोकाठ भरलेली. जीप हलली की आमटी हिंदकळायची आणि दाजींचं धोतर पांढरंशुभ्र, खास लग्नासाठी काढलेलं. त्यांनी पाय फाकवले, वगराळं काखेत घेतलं, दोन्ही हातांनी बादली धरली. तरी एक लाट आलीच. तेव्हा दाजी दिवसभरात पहिल्यांदा ओरडले.

"बंद कर की लेका ती गाडी."

गाडी बंद झाली. दाजी बादलीसकट खाली उतरले, कारण उतरल्याशिवाय बादली ठेवायची कुठे? उतरले तर समोर पंगत. पंगतीत त्यांच्याच गावचे एक म्हातारे बसलेले, कानानं आणि नजरेनं अधू, त्यांना काय घडलंय याचा पत्ता नव्हता. ते भात कालवायचं थांबले होते. म्हणाले, "ज्योतीराम, हिकडं वाढ की बाबा, कवाधरनं बसलोय."

आता आपल्या गावचा म्हातारा कोरडा भात पुढे घेऊन बसलाय म्हटल्यावर माणूस काय करेल? दाजींनी वाढलं. त्याच्या शेजारच्यानं पान पुढे केलं, त्याला वाढलं. पंगत सरळ रेषेत असते, तिच्यात एकदा शिरलं की मधूनच बाहेर पडता येत नाही. अर्ध्या पंगतीत दाजींनी कोट काढून खांबाला अडकवला. पंगतीच्या टोकाला पोचले तेव्हा टॉवेल डोक्याला होता. परत फिरले ते आचाऱ्यावर ओरडतच, की भात कच्चा आहे, वांगं करपलंय आणि बुंदीच्या पराती उघड्या का. दहा मिनिटांत पाच जणांना कामाला लावलं. सरपंचांच्या हातात पाण्याची घागर आली.

मास्तर धावत फेटा घेऊन आले, गुलाबी, जरीकाठी. दाजी म्हणाले, "खुर्चीवर ठेवा. हात खरकटं हायती."

पाचाला पाच मिनिटं कमी असताना त्यांनीच आरोळी दिली, की मुलीचा मामा कुठं गेला, मुहूर्त काय तुमच्या बापाची वाट बघणार आहे का. आणि पाच वाजून पाच मिनिटांनी माझ्या पोरीवर अक्षता पडल्या. दाजी नवऱ्याच्या मागे उभे होते, डोक्याला टॉवेल, धोतरावर आमटीचा डाग, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं "शुभमंगल" म्हणत होते.

अक्षता पडल्यावर मी फुलाला गाठलं. ती हौदापाशी बसून वगराळी घासत होती. मी विचारलं, की बाई, तुझी छाती तरी कशी झाली? एवढा मोठा माणूस रुसून बसलेला, गावानं हात टेकले, आणि तू जाऊन त्याला कामाला लावलंस?

फुलानं माझ्याकडे बघितलं. हातातली राख तशीच.

"रुसलं होतं व्हय? मला वाटलं, ऊन लागतंय म्हणून बसल्यात."

मला आधी हसू आलं. इतकं आलं की हौदाचा काठ धरावा लागला. मग हसू थांबलं. मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई, पण शब्दांचा अंदाज मला आहे. ज्याला दुसऱ्याचं दुखणं कळतच नाही, त्याला फार तर येडं म्हणावं. त्यात त्याचा काय दोष? निगरगट्ट तो, ज्याला कळतं, अगदी नीट कळतं, आणि कळूनही जो कमरेवर हात ठेवून उभा राहतो.

मला गप्प झालेली बघून फुलाला वाटलं मला चहा हवाय.

पाठवणीच्या आधी मी शालनची ओटी भरायला आतल्या खोलीत गेले. खोलीत आम्ही दोघीच. मी सुपातले तांदूळ ओंजळीत घेतले. ती पदर पसरून उभी होती. म्हणाली, "आई, पक्की यादी माझ्या अक्षरात हाय."

माझी ओंजळ तशीच राहिली.

ती हळू आवाजात सांगत होती, शाळेतला धडा म्हणून दाखवावा तसं. तिचं अक्षर वळणदार, म्हणून मास्तरांनी कच्ची यादी तिच्याकडे दिली होती. कच्च्या यादीत दाजींचं नाव फेट्यात तिसरं होतं. त्यावर काट मारून ते खाली घातलेलं. हिनं मास्तरांना विचारलं, हे चुकून झालंय का. मास्तर म्हणाले, तुझ्या आईनं दोनदा सांगितलंय.

खरं होतं. दोनदा सांगितलं होतं. मास्तर म्हणाले होते, आक्का, विचार करा, आणि मी म्हणाले होते, विचार करूनच सांगते, लिहा. कारण दोन वर्षांपूर्वी दाजींनी नवं घर बांधलं, त्याच्या वास्तुशांतीला मला, सख्ख्या मेव्हण्याच्या बायकोला, दुसऱ्या पंगतीला बसवलं होतं. गवंड्यांच्या बरोबर. ते मी दोन वर्षं सांभाळून ठेवलं होतं, सोनं ठेवावं तसं.

मी शालनला म्हणाले, "मग तेव्हाच मला का न्हाई बोललीस?"

"मला वाटलं, माझ्या लग्नात तू असं करायची न्हाईस. बदलशील शेवटाला." तिनं पदर जरा पुढे केला. "तांदूळ घाल. आणि सासरी कुणी विचारलं तर मी मास्तरांचंच नाव सांगीन. तू काळजी करू नको."

ती रागावली असती तर मी दोन शब्द सुनावले असते. तिच्या आवाजात राग नव्हता. मी तिची ओटी भरली. तांदूळ निम्मे खाली सांडले.

बाहेर शेवटची पंगत बसली होती. ही पंगत वाढप्यांची आणि घरच्या माणसांची. सगळ्यांना जेवू घालून झालं की जे दमून बसतात त्यांची. दाजी मधोमध बसले होते, डोक्याचा टॉवेल तसाच. त्यांच्या शेजारी माझे दीर, कंबर धरून वाकडे. आमचे मालक होते. अगदी टोकाला, दोन पानं मोकळी सोडून, मास्तर बसले होते. फुला भात वाढत होती. मी बुंदीचं ताट उचललं आणि दाजींसमोर जाऊन उभी राहिले.

लहान आवाजात बोलायची मला सवय नाही. त्या वेळी तो काढावा असं फार वाटलं, पण मास्तर टोकाला बसले होते, त्यांच्यापर्यंत पोचायला हवं होतं.

"दाजी, यादीत तुमचं नाव मी खाली घातलं. मास्तरांनी उगा माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली."

पंगत खायची थांबली. आमच्या मालकांचा घास हातातच राहिला. मास्तरांनी मान वर केली आणि लगेच खाली घातली. फक्त फुला भात वाढत पुढे सरकत राहिली.

दाजींनी तोंडातला घास सावकाश संपवला. पाणी प्यायले. मग म्हणाले, "वैनी, मला ठावं हाय. माझ्या नावावर काट मारायची मास्तरांची छाती न्हाई. मी त्या जीपमध्ये तुमचीच वाट बघत बसलो होतो. तासभर. सरपंच आला, फेटा आला, आमटी आली. तुम्ही आला न्हाईत."

"आता आलेय," मी म्हणाले.

"वाढा मग."

मी वाढायला लागले. आमच्याकडे जेवणारा पुरे म्हणेपर्यंत वाढायची रीत आहे. यजमानिणीनं आपण होऊन हात आखडला तर तो जेवणाऱ्याचा अपमान, आणि मला त्या दिवशी आणखी अपमान करायचा नव्हता. मी एक मूठ वाढली. दाजी गप्प. दुसरी वाढली. गप्प. तिसरी, चौथी. बुंदीचा ढीग भातावर चढला, भातावरून वांग्यावर उतरला. दाजी माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मी त्यांच्या. मिशीचं एक टोक थरथरत होतं, पण माणूस पुरे म्हणेना. मीही थांबेना. पंगतीत कुणी तरी खुदकन हसलं, मग दुसरं हसलं, मग आमचे दीर हसले आणि कंबरेत कळ आली म्हणून विव्हळले. पत्रावळीवर जागा उरली नाही तेव्हा बुंदी जमिनीवर घरंगळायला लागली.

"आक्का," फुला मागून म्हणाली, "एकाच पानात किती वतताय. मास्तर तिकडं कोरडं बसल्यात."

मी ताट घेऊन टोकाला गेले. मास्तरांच्या पानासमोर बसले, उभ्यानं नाही, गुडघे टेकून बसले, आणि वाढायला लागले. मास्तर भित्रा माणूस. पहिल्याच मुठीला दोन्ही हात पानावर आडवे धरून म्हणाले, पुरे, आक्का, पुरे.

मी ऐकलं नाही.